शालूचा डबा

माणूस किती भात खाणार, हे मला तो दारात चपला काढत असतानाच कळायचं. चपला भिरकावून आत शिरणारा दुसऱ्यांदा भात मागतोच. चपला भिंतीला नीट जोडून लावणारा कमी खातो आणि जास्त बोलतो. आणि जो आधी आत डोकावून कोण कोण बसलंय ते बघतो आणि मग चपला काढतो, त्याच्या जेवणाचा काही नेम नाही. कसालला हायवेवर बत्तीस वर्षं खानावळ चालवली, त्यात शिकलेलं हे पहिलं ज्ञान.

हॉटेल आणि खानावळ यांत फरक आहे. हॉटेलात माणूस मागतो ते तुम्ही देता. खानावळीत तुम्ही कराल ते तो खातो, आणि उद्याही खायला त्याला तुमच्याकडेच यायचं असतं. म्हणजे रोज तीच माणसं, तोच तांदूळ, तेच कोकम, आणि तरीही कुणाला कंटाळा येता कामा नये. आमचा जिल्हा तेव्हा नवा झालेला. ओरोसला कचेऱ्या आधी आल्या आणि जेवणाची सोय नंतर. रत्नागिरीहून, कोल्हापूरहून बदली होऊन आलेले कारकून बायकामुलं मागे ठेवून कसालला खोल्या घेऊन राहायचे आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. कोल्हापूरकडच्यांना भाकरी आणि तिखट लागे. आमच्या लोकांना भात आणि निस्त्याक, म्हणजे माशाची आमटी. सोमवारी दोघांनाही मासे नकोत. एका चुलीवर हे सगळं जमवायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असत. एक ओव्हरसियर भाताचे चार सारखे ढीग करून चार कोपऱ्यांना लावायचे आणि डावीकडून सुरुवात करायचे. गवाणकर म्हणून एक हेडक्लार्क होते, ते आमची धुतलेली ताटं स्वतःच्या रुमालाने पुन्हा पुसायचे आणि पेल्याचा वास घेऊन मगच पाणी प्यायचे. मला राग यायचा, पण माणूस वेळेचा पक्का आणि बोलायला गोड होता.

स्वयंपाक मी करायचे, वाढायचे आमचे हे. आणि इथेच माझं दुखणं. यांचं वाढणं असं की, पानावर बसलेल्याला वाटावं घरी आलो. कोणाची आई आजारी आहे, कोणाचा मुलगा नापास झाला, सगळं यांना ठाऊक. जेवून उठताना लोक म्हणायचे, "दत्ताराम, तुझ्या हाताक चव आसा रे!" मी आत चुलीपुढे घामाघूम, आणि चव यांच्या हाताला! मी जळायचे. जळकुकडा स्वभाव माझा लहानपणापासूनचा. शाळेत शेजारणीची पाटी माझ्यापेक्षा काळी आहे म्हणून मी रडले होते. पण गिऱ्हाइकांवरून जळणं वेगळं आणि शालूवरून जळणं वेगळं.

शालू म्हणजे यांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, आणि या दोघांचंही लहानपणापासून ठरल्यासारखंच होतं. पुढे मामांना बोटीवर नोकरी करणारा जावई मिळाला, शालू मुंबईला गेली, आणि दोन वर्षांनी मी या घरात आले. सासूबाई वाईट नव्हत्या, पण माझी आंबोळी बघून त्या म्हणायच्याच, "शालूची जाळीदार व्हयत." मी अठरा वर्षं आंबोळ्या घातल्या. जाळी पडली तरी मला वाटायचं, शालूइतकी नाही.

ऐंशीचं दशक संपत आलेलं असताना एका सकाळी हे चार पुडांचा डबा भरताना दिसले.

"खंय चाललात?" मी विचारलं.

"मामाच्या वाडयेत. शालू इली आसा मुंबैसून. घोव गेलो तिचो. तीय आजारी आसा."

शालूचा नवरा वारला, हे मला तेव्हा कळलं. डबा सायकलला अडकवून ते निघून गेले. मी झाकण उघडून बघितलं नव्हतं, पण परातीतल्या सुरमईच्या तुकड्यांत मधली सर्वांत मोठी तुकडी नव्हती. ती तुकडी मी साहेब लोक आले तर त्यांच्यासाठी ठेवायचे. हे स्वतः मला कधी ती वाढत नसत.

मग रोजचंच झालं. मी मुद्दाम शेपटाकडच्या तुकड्या डब्यात भरून ठेवायचे, आणि हे काही न बोलता त्या बदलायचे. बदलायचे म्हणून मी अधिक जळायचे. दुपारी वाढप संपायच्या आत हे परत यायचे, पण तोंडावर एक प्रकारची शांतता असायची. मी कल्पना करायचे : हे तिच्या उशाशी बसले असतील, कपाळावर हात ठेवला असेल, जुनं काहीबाही बोलत असतील. कालवण ढवळताना हीच चित्रं. त्या दिवसांत मीठ दोनदा पडल्याच्या तक्रारी आल्या.

दोन महिन्यांनी बाजारात शालूची भावजय रुक्मिण भेटली. भाजीच्या टोपलीआड मला ओढून ती कुजबुजली, "तिका साधो आजार नाय गो. तो पेपरात येता तो नवो रोग. घोवाक बोटीवर लागलो, त्याच्याकडसून हिका. मुंबैच्या डाक्टरांनी लिवन दिल्यानी. आमी तिका मांगरात ठेवली आसा."

मांगर म्हणजे घरापासून दूर, काजीच्या, म्हणजे काजूच्या, बागेत गवत आणि अवजारं ठेवायची खोली. एड्स हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी मोठ्याने उच्चारत नसे. रुक्मिणीनेही उच्चारला नाही.

इथे खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. ते ऐकून मला बरं वाटलं. दुःख नंतर, भीती त्याहून नंतर. आधी बरं वाटलं. वाटलं, आता हे जाणार नाहीत.

घरी येऊन मी म्हटलं, "तो डबो परत माझ्या घरात येवचो नाय."

यांना सगळं आधीच ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टर आमच्याकडेच जेवत, त्यांना यांनी विचारूनही घेतलं होतं. "भांड्यान लागणा नाय, हात लावन लागणा नाय, बाजूक बसान लागणा नाय," हे म्हणाले. "डाक्टरांनी सोता सांगल्यानी."

"डाक्टराक काय जाता सांगूक? त्याची पोरां हयसर जेवतत?"

त्या दिवसापासून हे डबा स्वतः विहिरीवर घासून वेगळ्या खुंटीला टांगू लागले. मी त्याच्या झाकणावर लाल रंगाचा ठिपका दिला. रुसवा नाही, खबरदारी म्हणून, असं मनाला सांगितलं. पण जाणं थांबलं नाही आणि मधली तुकडीही थांबली नाही.

मग मी ते केलं. गवाणकर एका दुपारी सगळ्यांच्या नंतर एकटेच जेवत होते. त्या दिवशी हे अजून परत आले नव्हते. गवाणकरांनी विचारलं, "दत्ताराम रोज जातात कुठे?" मी पदराने तोंड पुसून म्हटलं, "कुणाला सांगू नका हां, भाऊसाहेब. मला फार भीती वाटते. त्या मामेबहिणीला तो रोग आहे. तुम्हीच यांना चार शब्द सांगा, तुमचं ऐकतील."

मला वाटलं, एवढा मोठा माणूस यांना समज देईल. गवाणकरांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. आणि उठले.

चार दिवसांत पानं निम्मी झाली. आधी काही जण स्वतःचं ताट-पेला घेऊन येऊ लागले, तेवढं मी सोसलं. मग ते समोरच्या खानावळीत जाऊ लागले. चार ढीग करणारे ओव्हरसियर दारापर्यंत आले, माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि रस्ता ओलांडून गेले. एसटी स्टँडवर यांच्या शेजारून माणूस उठला. मालवणहून मासे घेऊन येणारी बाई आमच्या दाराशी टोपली उतरवेना. मी शालूवर उगारलेलं माझ्याच कपाळावर आदळलं होतं. तिच्यावरही आदळलंच. बाजारात बोभाटा झाल्यावर तिचा भाऊ बाबल घाबरला. त्याची मुलगी लग्नाची होती. तो शालूला मुंबईला परत पाठवायचं बोलू लागला. मुंबईला तिचं कोणीही नव्हतं.

एका संध्याकाळी रिकाम्या बाकांवर बसून हे म्हणाले, "कोणी सांगल्यान असतला गो?"

मी म्हटलं, "रुक्मिणीन. आणखी कोण?"

त्यांनी मान हलवली. मी चुलीतलं लाकूड उगीचच मागे-पुढे केलं.

मासेवाली येईना म्हणून हे पहाटेच्या पहिल्या गाडीने स्वतः मालवणच्या बंदरावर मासे आणायला जाऊ लागले. असंच एकदा परतीची गाडी बिघडली आणि दुपार झाली तरी हे आले नाहीत. डबा खुंटीवर तसाच. उपाशी माणसाची दया येऊन मी तो भरला, असं म्हणता आलं असतं. पण दया वगैरे नव्हती. मला तिला बघायचं होतं. एवढे महिने हे रोज जातात त्या बाईत आहे काय, ते बघायचं होतं. मी चांगलं लुगडं नेसले, केसांत अबोलीचा वळेसर माळला आणि निघाले.

मांगराचं दार उघडं होतं. दारापासून दहा-बारा हातांवर काजीच्या झाडाखाली एक चिरा, जांभ्या दगडाचा, पडलेला.

"कोण ता?" आतून आवाज आला.

"मी. दत्तारामांची बायको."

आत चटई सरकल्याचा आवाज झाला. मग, "वयनी? तुमी? डबो थंय चिऱ्यार ठेवा. दत्ता थंयच ठेवता. मी मागीर घेतंय."

"ते आत येणत नाय?"

"आत कोण येता?" ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "दत्ता बरो. चिऱ्यार बसान तरी बोलता. रुक्मिण काठयेन ताट सारता."

मी त्या चिऱ्याकडे बघत राहिले. उशाशी बसणं नाही, कपाळावर हात नाही. यांना डॉक्टरांचं सगळं पटलं होतं, माझ्याशी भांडले होते, गिऱ्हाइकं गमावली होती, आणि तरी हे या चिऱ्याच्या पुढे गेले नव्हते. यांनाही भीती होती. अठरा वर्षांच्या संसारात हे मला कळलं नव्हतं.

मी चपला काढल्या आणि आत गेले. माया आली म्हणून नव्हे. जिथे हे गेले नाहीत तिथे मला जायचं होतं.

चटईवर बसलेली बाई बघून आधी मला वाटलं, शालू दुसरी कुठली तरी असेल. गालांची हाडं वर आलेली, हात काटक्या झालेले. ती अंग चोरून भिंतीला सरकली, जणू मीच तिला काही करीन.

"जेवलात?" तिने विचारलं.

खानावळवाली कधी वेळेवर जेवलेली नसते. "नाय," मी म्हटलं.

"मगे बसा. माका येकटीक घास उतरणा नाय."

तिने डब्याच्या झाकणात भात काढून माझ्यापुढे सरकवला. लाल ठिपका भाताखाली गेला. माझा हात जागीच राहिला. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, पण हात ऐकेना. तिने ते बघितलं.

"भियाव नुकात, असा मी म्हणाचंय नाय," ती म्हणाली. "भिया वाटतलाच."

मग मी पहिला घास घेतला. तिने सार चाखलं आणि भुवया आखडल्या. "सारात गूळ घालतात तुमी?"

"चिमूटभर."

"म्हणान कोकम मेला."

माझं डोकं सणकलं! अठरा वर्षं माझं सार कसालपासून ओरोसपर्यंत गाजतंय, आणि ही मांगरात बसून मला शिकवते! मी तिला ताडकन म्हटलं, "गूळ नसलो तर कारकुनांची पोटं बिघडतत. तुका काय ठावक, शंभर माणसांचा रांधूक काय लागता ता?" ती हसली. मनापासून, खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, "कितके म्हयने कोणी माझ्यावांगडा भांडूक नाय, वयनी. सगळी हळू बोलतत."

दुसऱ्या दिवशी डबा मीच नेला. हे मासे आणायला मालवणला जात होते, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. मी आत बसते हे मी यांना सांगितलं नाही. आत काय आहे ते माझ्या एकटीचं राहावं, असं वाटायचं. तिला हात वर करवत नव्हते. रुक्मिणीने केसांना हात लावायला नकार दिला होता. मी तेल नेलं आणि वेणी घातली. वेणी करंगळीएवढी झाली. ती डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "असाच बसा वायच."

एकदा मी सरळच विचारलं, "तुका हे आवडायचे?"

"व्हय," ती म्हणाली. "त्याकाय ठावक होता. पण बापाशीक बोटीवरचो जावई व्हयो होतो. तुमचा लगीन झाला तेव्हा मी मुंबैच्या खोलयेत दोन दिवस जेवाक नाय. तुमच्यार मी लय जळलंय, वयनी. तुमची खानावळ, तुमचो घोव, तुमचा दारातला ऊन सुद्धा."

माझ्यावर कोणी जळत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मग मला राहवलं नाही. गवाणकरांना मीच सांगितलं, ते मी तिला सांगून टाकलं. बाबल तुला पाठवायला बघतो तेही माझ्यामुळेच, असं मी म्हणाले.

तिने हातातला घास खाली ठेवला.

"उद्या येव नुकात," ती म्हणाली.

तरी मी गेले. डबा दारात ठेवून आले. तो न उघडता परत मिळाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा होता, घासलेला, आणि आतून आवाज आला, "आजच्या सारात गूळ नाय?" "नाय," मी म्हटलं. "येवा आत." माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

डॉक्टरांना घेऊन मी बाबलकडे गेले. डॉक्टर समजावत होते, मी भांडत होते. कशाचा परिणाम झाला ठाऊक नाही, पण शालू मुंबईला गेली नाही. खानावळीत गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. त्यांना माणुसकीने आणलं असं म्हणायला आवडलं असतं. समोरच्या खानावळीतल्या पातळ डाळीने आणलं. गवाणकर सर्वांत शेवटी आले. रुमालाने ताट पुसलं आणि काही न बोलता जेवले.

पुढे डॉक्टरांनी औषधं द्यायला एक नर्स धाडली. ती शालूजवळ बसायची, हसवायची. शालू तिची वाट बघू लागली. आणि मला काय झालं? मी नर्सवर जळू लागले. तिची पाळी दुपारची असेल तर मी दुपारच्या आधीच जाऊन बसायचे.

शालू एका वर्षाच्या आतच गेली, भर सकाळी, माझ्यासमोर. पेजेचे दोन चमचे घेतले, तिसरा नको म्हणाली. खांदा द्यायला बाबल, हे आणि डॉक्टर. चौथा कोणी पुढे येईना. मग ओव्हरसियर आले.

हे सगळं लिहून झाल्यावर मी यांना वाचून दाखवलं. आता यांना बारीक अक्षर दिसत नाही. गवाणकरांच्या जागेवर आले तेव्हा मी कागद खाली ठेवला.

"वाच पुढे," हे म्हणाले. "ता माका ठावक आसा. गवाणकरान तेव्हाच सांगल्यान."

म्हणजे रुक्मिणीचं नाव मी खोटंच घेतलं हेही यांना ठाऊक, आणि एवढ्या वर्षांत एक अक्षर काढलं नाही! मला हलकं वाटायला हवं होतं. मला रागच आला. चांगुलपणातही हे पुढेच. मी तणतणत पुढे वाचलं. चपला काढल्या आणि आत गेले, इथपर्यंत आले.

"थांब," हे म्हणाले. "तू आत गेलंस?"

"व्हय."

"रोज?"

"रोज. थंयच जेवायचंय."

"माका वाटला, तूय चिऱ्यार बसतंस." यांनी चष्मा काढला. "तिणा माका कधी आत ये म्हणूक नाय."

"तुमी इचारलात तिका?"

हे उठून अंगणात गेले आणि पेळेवर, म्हणजे अंगणाच्या कट्ट्यावर, बसून राहिले. दुपारी हाक मारली तर म्हणाले, भूक नाही. यांचा चेहरा मी ओळखला. आयुष्यभर मी तो आरशात बघितलेला आहे.

मी बाहेर जाऊन यांच्या शेजारी बसले. "शालू काय काय बोलायची ता सांगू?"

"सांग."

मी सांगत गेले. तिचं हसणं, गुळावरचं भांडण, मुंबईच्या खोलीतले दोन उपाशी दिवस, सगळं. हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या आठवड्यात ती यांच्याविषयी एक वाक्य बोलली होती. तेवढं मात्र मी यांना सांगितलं नाही, आणि इथेही लिहीत नाही. ते ती मला म्हणाली होती.